धावायच्या आधी वीस बैठका : टाच, गुडघा आणि कंबर कुठं हवी

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे गेलात तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक आमच्यासारखी, चाळिशी ओलांडलेली, डॉक्टरांनी ‘जरा हालचाल ठेवा’ म्हणून पिटाळलेली. दुसरी भरतीची पोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथंच, बेळगावच्या कॅम्पात. त्यामुळं येळ्ळूर असो, उचगाव असो की सांबरा, 1600 मीटरचं टायमिंग तोंडपाठ असलेला एखादा पोरगा गल्लीत निघतोच. दोघांचं वय वेगळं, कारण वेगळं, चूक मात्र एकच : गाडी स्टँडला लावली की थेट पळायला सुरुवात.

मीही तेच करायचो. एकोणिसाव्या वर्षी, डिसेंबरातल्या थंडीत, सायकलवरून उतरलो आणि पहिल्याच फेरीत जोर लावला. मांडीच्या मागं कुणीतरी खडा मारावा तसं वाटलं. वळून बघितलं, मागं कोणी नव्हतं. स्नायू ताणला होता. तीन आठवडे लंगडलो आणि त्या वर्षीची भरती तशीच गेली.

अंग गरम करायचे प्रकार पुष्कळ आहेत. पण एकच शिकायचा असेल तर मी साधी बैठक शिका म्हणेन. साहित्य लागत नाही, जागा दोन हात पुरते, आणि धावताना कामाला येणारे घोटा, गुडघा, खुबा हे तिन्ही सांधे एकदम जागे होतात. स्नायूंत रक्त खेळायला लागतं, सांध्यातलं वंगण पसरतं, आणि मेंदू ते पाय ही तार रात्रभर गार पडलेली असते ती पुन्हा जोडली जाते. अट एकच, बैठक नीट हवी.

तालमीतली बैठक आणि ही बैठक

आमच्याकडं बैठक म्हटलं की डोळ्यांसमोर तालीमच येते. लाल माती, लंगोट, भिंतीवर हनुमान आणि ‘जोर किती, बैठका किती’ हा हिशोब. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला बैठक समजवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. पण तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे बरेच पुढं येतात, हातांचा झोका असतो आणि लय पकडून शेकड्यानं काढतात. ती पैलवानाची कसरत आहे. लहानपणापासून वस्तादाच्या नजरेखाली, हळूहळू वाढवत नेलेली. ती चुकीची नाही. चूक होते ती दिवसभर सोसायटीच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसानं एका सोमवारी उठून तशा शंभर काढायच्या ठरवल्या की. मंगळवारी जिना उतरताना तो कठडा धरतो आणि बुधवारी व्यायाम सोडतो.

आपण शिकतोय ती टाच जमिनीला चिकटलेली, सावकाश बैठक. मोजणी कमी, लक्ष जास्त.

जागा आणि पाय

जमीन सपाट हवी. उतारावर एक पाय वर, एक खाली अशा बैठका काढल्या की कंबर एका बाजूला कलते. घरात फरशीवर मोजे घालून करू नका, पाय सरकतो. पळायचे जाड, मऊ तळव्यांचे बूट पळायला छान, पण बैठकीत त्यांच्यावर अंग डुलतं. मी बूट काढून अनवाणी करतो आणि मग बूट चढवतो. मैदानात काचा, खडे असतील तर पातळ तळव्यांचे कॅनव्हासचे बूट चालतील.

आधी दोन-तीन मिनिटं झपझप चाला किंवा जागच्या जागी पाय उचला. बेळगावची जानेवारीतली पहाट बऱ्यापैकी गार असते, तेव्हा ही तीन मिनिटं पाचवर न्या आणि स्वेटर लगेच काढू नका. कपाळावर किंचित घाम आला की काढा.

आता उभं राहायचं. पाय एकमेकांपासून खांद्याइतके लांब. चवडे थोडे बाहेर वळलेले : डावा घड्याळातल्या अकराकडं, उजवा एककडं. त्यापेक्षा जास्त नको, कमी चालेल. प्रत्येकाच्या खुब्याची ठेवण वेगळी, त्यामुळं शेजारच्याचे पाय बघून आपले ठेवू नका. दोन-चार बैठका काढून जिथं मोकळं वाटेल तिथं ठेवा.

मग एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. तळपायाचे तीन बिंदू असतात : अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेत. तिवईच्या तीन पायांसारखे. पायाची बोटं उचलून बघा, हे तिन्ही बिंदू जमिनीला टेकलेले जाणवतील. बोटं परत टेकवा. आता संपूर्ण बैठकभर या तिन्हींवरचं वजन सारखं राहिलं पाहिजे. अंगठ्याची बाजू जमिनीवरून सुटली, वजन बाहेर गेलं. टाच सुटली, वजन पुढं गेलं. आरशाची गरज नाही, तळपायच सांगतो.

पहिले आठ दिवस खुर्चीवर

नवख्यानं थेट हवेत बैठक काढू नये, असं माझं ठाम मत आहे. प्लास्टिकची साधी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागं सरकणार नाही. तिच्यापुढं, पाठ खुर्चीकडं करून, पाऊलभर अंतरावर उभे राहा.

दोन्ही हात समोर, खांद्याच्या उंचीला. हे शोभेसाठी नाही. कंबर मागं जाते तेव्हा हात पुढं असले की तोल राहतो, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखा.

नाकानं श्वास घ्या आणि पोट हलकं आवळा, कुणी गंमतीत पोटावर चापट मारणार आहे म्हटल्यावर आवळतो तेवढंच. आता कंबर मागं आणि गुडघे पुढं, दोन्ही एकाच वेळी सुरू करा. इथं बरेच जण फसतात. काही जण नुसती कंबर मागं ढकलतात आणि देवळात वाकल्यासारखे पुढं झुकतात. काही जण नुसते गुडघे वाकवतात आणि सगळा भार चवड्यावर येतो. दोन्ही एकदम.

मनात तीन मोजत खाली या. एक, दोन, तीन आणि खुर्चीला बूड टेकवा. धप्पकन बसायचं नाही. अंड्यांचा ट्रे ठेवलाय खुर्चीवर, असं समजा. टेकवल्यावर सैल सोडू नका, क्षणभर थांबा आणि श्वास सोडत उठा. उठताना ‘मी वर जातोय’ असं न म्हणता ‘जमीन खाली दाबतोय’ म्हणा. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण पायांना तो कळतो. छाती आणि कंबर बरोबर वर यायला पाहिजेत. कंबर आधी वर आणि छाती मागून आली, तर उचलायचं काम पाठीवर पडतं.

वर आल्यावर गुडघे मागं झटका देऊन कुलूपबंद करू नका. सरळ उभे राहा, बस.

अशा आठ. मिनिटभर थांबून आणखी आठ. पहिल्या आठवड्यात एवढंच. खुर्ची बुटकी वाटत असेल तर तिच्यावर उशी ठेवा, पण हातानं मांडीला रेटा देऊन उठू नका. तसं उठायला लागत असेल तर उंची आणखी वाढवा.

टाच उचलते, त्याचं काय करायचं

खुर्ची काढली की निम्म्या लोकांच्या टाचा उचलायला लागतात. या एका गोष्टीवर थोडं जास्त लिहितो, कारण बाकीच्या निम्म्या चुका इथूनच निघतात.

माझी आत्ती खानापूरकडच्या खेड्यातली, सत्तरी कधीच ओलांडलेली. अंगणात तांदूळ निवडायला उकिडवी बसते तेव्हा टाचा जमिनीला अशा चिकटलेल्या असतात की खालून कागद सरकवून दाखवा. तासभर बसते, उठताना हात टेकत नाही. मी तिच्या शेजारी तसा बसायला गेलो तर मागं कलंडलो आणि सूप उलटलं. “शहरात जाऊन पाय इसरलास काय रे?” असं म्हणाली. खरंच विसरलो होतो. तिचा घोटा रोज पूर्ण वाकतो, माझा खुर्चीवर आणि कमोडवर बसून वाकायचा थांबलाय.

तुमचा घोटा किती वाकतो हे बघायची सोपी परीक्षा अशी. भिंतीसमोर एक पाय पुढं ठेवून उभे राहा. अंगठ्याचं टोक आणि भिंत यांत अंगठ्यासकट आडव्या पंजाएवढी, म्हणजे साधारण 10 सेंटिमीटर जागा सोडा. आता टाच न उचलता गुडघा सरळ पुढं नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर घोटा चांगला मोकळा आहे. टाच उचलल्याशिवाय टेकत नसेल तर पाऊल थोडं जवळ घ्या आणि कुठं टेकतो ते बघा. दोन्ही पाय तपासा. जुनी मुरगळ असलेला घोटा हमखास मागं राहतो.

कमी पडत असेल तर हीच परीक्षा व्यायाम म्हणून करा : गुडघा भिंतीकडं न्या, परत आणा, एका पायाला दहा-बारा वेळा. रोज. काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो. तोवर टाचांखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवून बैठक काढा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टाच उंचावली की घोट्याला कमी वाकावं लागतं आणि अंग सरळ खाली जातं. घोटा सुटेल तशी फळी काढून टाका.

किती खाली जायचं

मांडी जमिनीला समांतर आलीच पाहिजे, असा हट्ट धरणारे पुष्कळ भेटतील. समांतर ही सोयीची खूण आहे, कायदा नाही. तुमची खोली तुमच्या टाचा आणि कंबर ठरवतात. टाच सुटायच्या आधी आणि कमरेचा खालचा भाग आत गोल वळायच्या आधी जिथं थांबता येतं, ती तुमची आजची खोली. सुरुवातीला ती अर्धीच असेल. पहिल्या पाच बैठका अर्ध्या, पुढच्या पाच थोड्या खाली, असं एकाच सकाळी उतरत गेलात तरी चालतं. अंग गरम होईल तशी खोली आपोआप वाढते.

मांडीचं हाड लांब असलेल्या माणसाला जास्त पुढं झुकावंच लागतं. आमच्यातला एक सहा फुटी पोरगा झुकतो म्हणून बाकीचे त्याला हसायचे. त्याची बैठक चुकीची नाही, त्याच्या हाडांना तीच बरोबर आहे. पाठ सरळ म्हणजे खांबासारखी उभी नव्हे. झुकली तरी तिची नैसर्गिक ठेवण न मोडणारी. शिवारात रोप लावणाऱ्या चांगल्या बायका बघा, कमरेतून वाकतात आणि पाठ फळीसारखी ठेवतात.

गुडघ्यांबद्दलचे दोन वाद

‘गुडघा पायाच्या बोटांपुढं जाता कामा नये’, हे वाक्य मैदानावर दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. उत्तर सोपं आहे : जाऊ दे. जिना उतरताना तो तसाच जातो. जबरदस्तीनं मागं रोखला तर गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो खरा, पण माणूस पुढं झुकतो आणि तो भार खुब्यावर आणि कमरेवर जाऊन बसतो. टाच टेकलेली असेल आणि दुखत नसेल तर गुडघा थोडा पुढं गेल्यानं बिघडत नाही.

बिघडतं ते गुडघे आत वळल्यानं. उठताना दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला आल्यासारखे आत झुकतात, विशेषतः दमल्यावर. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं राहिली पाहिजे. उपाय म्हणून जुनी ओढणी किंवा पंचा मांड्यांभोवती, गुडघ्याच्या जरा वर, सैलसर बांधा आणि उठताना कापड हलकं बाहेर ताणून धरा. पाच-सहा बैठकांत कुल्ल्याचे स्नायू कामाला लागल्याचं जाणवतं. मग कापड सोडा आणि तीच जाणीव ठेवून करा.

दुसरा वाद आवाजाचा. परवाच एका पोरानं विचारलं :

“मामा, खाली गेलो की गुडघा कटकट वाजतोय की.”

“दुखतंय काय?”

“दुखत नाही.”

“सूज?”

“काय नाही.”

“मग वाजू दे गा.”

नुसत्या आवाजाला घाबरायचं कारण नसतं. वाजून दुखलं, सुजलं, गुडघा अडकला किंवा उभ्या उभ्या निसटल्यासारखा झाला, तर मात्र थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर बैठकच काय, चालणंही थांबवा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा. हृदयविकार, वाढलेलं बीपी, नुकतंच ऑपरेशन किंवा पोटात बाळ असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. बीपीवाल्यांनी श्वास कोंडून बैठक काढू नये. खाली जाताना घ्या, वर येताना सोडा. लक्षात राहत नसेल तर उठताना आकडा मोठ्यानं मोजा, श्वास आपोआप सुटतो.

आपली बैठक आपणच बघा

मला वाटायचं, माझी बैठक झकास आहे. एक दिवस मोबाइल बुटाला टेकवून ठेवला, कमरेच्या उंचीला येईल असा कट्ट्यावर, आणि बाजूनं व्हिडिओ काढला. बघितला तर खाली जाताना हनुवटी वर, नजर झाडाच्या शेंड्याकडं आणि उजवी टाच दर वेळी बोटभर वर. स्वतःला कळतच नव्हतं. एक व्हिडिओ बाजूनं काढा, टाच आणि पाठ बघायला. एक समोरून काढा, गुडघे बघायला. पाच-पाच बैठका पुरे. नजर समोर, जमिनीवर दहा-बारा फुटांवर ठेवली की मानही नीट राहते.

सकाळचा क्रम

खुर्चीचे आठ दिवस संपल्यावर माझा क्रम असा असतो. तीन मिनिटं चालणं. दोन्ही घोटे गोल फिरवणं, खांब धरून पाय पुढं-मागं दहा-दहा वेळा हलवणं. मग दहा बैठका, तीन मोजत खाली, तळाला क्षणभर थांबून, एका दमात वर. अर्धा-पाऊण मिनिट मोकळं चालणं. परत दहा. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं.

वीसच का? कारण हे अंग गरम करणं आहे. बैठकांनंतर पाय थरथरत असतील, बोलताना धाप लागत असेल, तर तुम्ही धावायच्या आधीच ताकद खर्च केली. शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. भरतीच्या पोरांना ही गोष्ट पटत नाही. त्यांना पन्नास म्हणजे पंचवीसच्या दुप्पट फायदा वाटतो. पन्नास काढायच्याच असतील तर धावून झाल्यावर काढा, किंवा ज्या दिवशी धावायचं नाही त्या दिवशी.

पाय ताणून धरून मिनिट-मिनिट उभं राहण्याचे प्रकारही नंतरच करा. धावायच्या आधी फार वेळ ताणून ठेवलेल्या स्नायूची ताकद थोडा वेळ उतरते. भरतीच्या चाचणीत 9 फुटी खड्डा उडी मारून पार करायचा असेल, तर ती उतरलेली ताकद नको असते.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात वीस बैठका खूपच सोप्या वाटायला लागतील. तेव्हा आकडा वाढवू नका, शेवटच्या पाच बैठकांत तळाला तीन मोजून थांबा. एवढ्यानंही मांड्या बोलायला लागतात.

शेवटच्या बैठकीनंतर मोबाइल काढू नका, गप्पांना बसू नका. आलेली ऊब पाच-दहा मिनिटांत उतरायला लागते आणि थंडीत त्याहून लवकर. बूट चढवा, शंभर मीटर संथ पळा, मग दोन वेळा साठ-सत्तर मीटर वेग वाढवत जा आणि त्यानंतर खरी फेरी सुरू करा.

पावसाळ्यात हे सगळं बदलतं. पाऊस लागला की मैदानाची लाल माती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि पाय कुठं सरकेल नेम नसतो. तेव्हा मी घरच्या सोप्यात पोतं अंथरून वीस बैठका काढतो, छत्री घेतो आणि डांबरी रस्त्यानं चालायला निघतो.